मागच्या सीटवरचं वजन

गाडी मागून खाली झुकलीय हे माझ्याआधी पेट्रोल पंपावर हवा भरणाऱ्या माणसाला कळलं. मी वाळूजहून पहिली पाळी संपवून घरी निघाले होते. ऊन असं की रस्त्यावर डोळा ठरत नव्हता. तो मागच्या चाकाशी उकिडवा बसला आणि वर न बघता म्हणाला, "मॅडम, मागं मान्सं बसलेत का? मग हवा जरा जास्त मारतो."

"कुणी नाही. मी एकटीच आहे."

तो उठला, काचेला हात आडवा लावून आत डोकावला. मग डिकीत काय आहे ते विचारलं. डिकीत स्टेपनी आणि एक रिकामी बादली होती. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, गुपचूप हवा भरली, आणि मागे लागलेल्या रिक्षाकडे गेला.

मी असल्या गोष्टींना भीक घालत नाही. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी तपासणी खात्यात आहे. दिवसभर लोखंडाचे तुकडे मोजते, आणि केसभर फरक निघाला तरी अख्खी खेप परत पाठवते. घरीही माझं तसंच चालतं, म्हणून माझ्याशी कुणाचं फार दिवस पटत नाही. लग्न केलं होतं, ते मोडलं, त्याचं इथे काही काम नाही. गाडी आमच्याच एका साहेबांनी निवृत्त होताना विकली ती मी घेतली. सात माणसांची, उंच, दणकट, आणि म्हातारी. बनवणाऱ्या कंपनीने कधीच देशातून गाशा गुंडाळला होता, त्यामुळे साधा आरसा फुटला तरी शहरभर हिंडायची पाळी यायची.

तरी मी ती विकली नाही, कारण ती अण्णांना आवडायची.

अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांचा जन्म मेंढरांमागे चालण्यात गेला. पैठणच्या अलीकडे, धरणाच्या पाण्याच्या कडेला आमची वस्ती आहे, भावकीची चार घरं. पण मी लहान होते तोवर वर्षातले कित्येक महिने बिऱ्हाड घोड्यावर असायचं. पुढे मेंढरं, मागे घोडं, घोड्यावर भांडी, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरं आणि सगळ्यांच्या वर मी. संध्याकाळी कुणाच्या तरी पडीक रानात मुक्काम. तिथे पोचलं की आमच्या घरातली एक रीत होती. घरातल्या थोरल्या माणसाने घोड्याजवळ जाऊन म्हणायचं, "उतरा, घर आलं." ते म्हटल्याशिवाय घोड्यावरची कोंबडीसुद्धा खाली घ्यायची नाही. रान परक्याचं असो, उद्या सकाळी सोडायचं असो, म्हणायचं म्हणजे म्हणायचं. न म्हणता उतरवलं तर माणसाचा जीव वाटेतच घुटमळत राहतो, असं आमच्यात मानतात. सगळे उतरले की मग थोरला माणूस आपल्या खांद्यावरची घोंगडी खाली ठेवायचा.

मेंढरं कमी झाली, घोडं गेलं, गाडी आली, पण अण्णांनी रीत सोडली नाही. ते कायम मागच्या सीटवर उजवीकडे, माझ्या पाठीमागे बसायचे. आई त्यांच्या डावीकडे. वस्तीवर पोचलं की मी गाडी बंद करायची आणि सगळ्यांनी गप्प बसायचं, मग मागून घोगऱ्या आवाजात, "उतरा, घर आलं." शहरात माझ्या घरासमोर आलं की मात्र नुसतं "उतरा." मी एकदा चिडवलं होतं त्यांना, की परक्याच्या पडीक रानाला घर म्हणता आणि लेकीच्या घराला नुसतं उतरा?

"रानात चूल आपली असती, बाई," ते हसत म्हणाले होते. "लेकीच्या घरी आपुन पावनं."

उतरल्यावर ते गाडीच्या मागे जायचे आणि डिकीवर तळहात ठेवून दाबायचे. मेंढीची पाठ बघायची त्यांची तीच पद्धत होती. कमरेच्या वर हात ठेवून दाबायचं. मेंढी हाताखाली खचली तर तिच्यात काहीतरी बिघडलंय, पाठ धरून उभी राहिली तर ठीक. एकदा काकांच्या मेंढरांसाठी पेंडीची पोती नेली होती. निघताना गाडी मागून चांगलीच दबली होती. खड्ड्याखड्ड्यांतून वस्तीवर पोचलो तर अण्णा मागे उभे राहून बघतच राहिले. "वझं टाकलं की दबतं आन् चालायला लागलं की आपसूक उठतं. बरं जनावर हाय." मी म्हटलं, रस्त्याला उतार आहे म्हणून तसं दिसतं. मोजलेलं नव्हतं, म्हणून माझ्या लेखी ते घडलेलंच नव्हतं.

मागच्या थंडीत एका सकाळी वस्तीवर त्यांच्या छातीत दुखायला लागलं. मी सुट्टीची तिथेच होते. त्यांना त्यांच्या जागेवर बसवलं, आईने हात धरला, आणि मी शहराच्या दिशेने गाडी सोडली. वाटेत ते एकदाच बोलले, "सावकाश घे." दवाखान्याच्या आवारात गाडी थांबवली. मागून काहीच आवाज आला नाही. मी वळून बघितलं. अण्णा ताठ बसले होते, नजर समोर रस्त्यावर. आई त्यांचा हात हातात घेऊन खिडकीबाहेर बघत होती. तिला कळलं होतं का, कधी कळलं होतं, ते मी तिला विचारलं नाही. वॉर्डबॉय आले, दार उघडून त्यांना उचललं, स्ट्रेचरवर ठेवलं. पुढे त्यांना वस्तीवर नेलं ते शववाहिकेतून. आई त्यांच्याबरोबर बसली आणि मी माझी रिकामी गाडी मागून चालवत नेली.

दिवसकार्य उरकल्यावर आई माझ्याकडे आली. आली म्हणजे मी आणली, कारण मला भावंड नाही. ती भिंतीला टेकून बसायची. ताट पुढे केलं तर दोन घास खायची, हृदयाची गोळी हातावर ठेवली तर गिळायची. सांगितलं नाही तर तहान लागल्याचंही तिला कळायचं नाही. डॉक्टर म्हणाले, अशाने ह्या फार दिवस काढणार नाहीत. रात्री तिचा श्वास चालू आहे ना ते मी दारातून बघायचे. मला भीती वाटत होती, ती लपवायला मी तिच्यावर खेकसायचे.

हे असं चाललेलं असताना तो पंपावरचा प्रकार घडला. घरी आले तेव्हा आई कधी नव्हे ती फाटकात उभी होती. मी गाडी लावून उतरले तर ती गाडीच्या मागे गेली. गाडी खरंच झुकली होती, आणि उजवीकडे जरा जास्त. तिने डिकीवर तळहात ठेवून दाबलं. गाडी हाताखाली गेली आणि गेली तशीच राहिली. आईच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी काहीतरी हललं.

"हायत की," ती म्हणाली. "हितंच बसलेत. आन् मी घरभर हुडकायले."

त्या दिवशी तिने अख्खी भाकरी खाल्ली. वर ठेचा मागितला. मी ताटावर बसून तिला समजावून सांगायला तोंड उघडलं होतं, की गाडीचे शॉकॲब्झॉर्बर म्हातारे झालेत, तेल गळतंय, बाकी काही नाही. पण तिने दुसऱ्या भाकरीचा तुकडा मोडला आणि मी तोंड मिटलं.

त्यानंतर ती माझ्याबरोबर सगळीकडे यायला लागली. भाजीला, दवाखान्यात, लष्करी छावणीतल्या बाजारात. मागे डावीकडे बसायची, उजवी बाजू मोकळी ठेवून. त्या बाजूच्या दारात पाण्याची बाटली ठेवायची. ऊन झालं की म्हणायची, त्यांच्या बाजूची काच खाली घे. मी घ्यायचे. गाडीचे दिवे आता रस्त्यावर कमी आणि लोकांच्या गच्चीवर जास्त पडायचे, समोरून येणारे शिव्या घालत जायचे. मी एकटी असले की एसीबरोबर मेंढरांच्या लोकरीचा वास यायचा. सीटच्या कापडात वर्षानुवर्षं मुरलेला वास तो, यात नवल काहीच नाही. तरी मी आरसा असा वळवून ठेवला की मागच्या सीटची उजवी बाजू दिसू नये. मग मागची वाहनं नीट दिसेनात, म्हणून पुन्हा सरळ केला. सीटवर कुणी नव्हतं. सीट मात्र खचलेली होती, कुणी नुकतंच उठून गेल्यावर असते तशी.

मी दुरुस्ती लांबवली. उघड सांगते, आई जेवत होती म्हणून लांबवली. पण एका सकाळी वाळूजच्या रस्त्यावर पुढची कामगारांची बस एकदम थांबली आणि मी ब्रेक दाबला तर गाडीचं मागचं अंग उसळून आडवं गेलं. बसच्या मागच्या काचेतले चेहरे मला अगदी जवळून दिसले. आई त्या दिवशी बरोबर नव्हती. असती तर, या विचाराने कारखान्यात दिवसभर माझं मोजमाप चुकत होतं.

छावणीच्या मागच्या बाजूला एका चाचांचं गॅरेज आहे. गाडीचं सगळं काम मी त्यांच्याकडूनच करून घेते. त्यांची मराठी आणि दखनी एकाच वाक्यात नांदतात. त्यांनी गाडी दबवून बघितली, खाली सरकून टॉर्च मारला.

"तेल पूरा बाहर आलंय, बेटा. दोन्ही गेले. उजवा तर मरूनच पडलाय." मग बाहेर येऊन त्यांनी मागच्या खिडकीतून आत बघितलं. "मागं कुछ रखे क्या? निकालो पहले."

"काही नाही, चाचा. रिकामी आहे."

त्यांनी दार उघडून खात्री केली. पाण्याची बाटली काढून माझ्या हातात दिली.

या गाडीचे शॉक बाजारात मिळत नाहीत, म्हणून त्यांनी दुसऱ्या एका गाडीचे आणले. लांबी तीच, बोल्ट तेच, मी स्वतः मोजून बघितलं. भर दुपारी त्यांनी ते बसवले. जॅक हळूहळू खाली घेतला. चाकं टेकली, गाडी टेकली, आणि थांबायची तिथे थांबली नाही. खाली गेली. जुने शॉक होते त्याहून खाली, चाकावरची पोकळी दिसेनाशी होईपर्यंत. मग एक बारीक करकर झाली आणि थांबली.

चाचा स्टुलावरून उठले. शेजारच्या दुकानातली ग्राइंडर नेमकी तेव्हाच बंद पडली.

"चाळीस बरस काम करायलो," ते हळू आवाजात म्हणाले. "नवा टाकला की गाडी उठती. ये तो और बैठ गई." त्यांनी मागचं दार पुन्हा उघडलं, सीटवरून हात फिरवला, आणि दार इतकं हळू लावलं की आवाज आला नाही. "बेटा, बुरा नक्को मानो. गाडी कुणाला तरी दाखव."

"तुम्हालाच दाखवली ना!" मी ओरडले. मला त्यांचा राग आला नव्हता. माझ्या मानेवर काटा आला होता त्याचा राग आला होता.

घरी नेण्यावाचून इलाज नव्हता. आई फाटकात वाट बघत होती. गाडी बघून ती जागच्या जागी थबकली. तळहात लावायलाही पुढे आली नाही.

"आता दोघं हायत," ती म्हणाली.

"आई, गॅरेजवाल्याचं काहीतरी चुकलंय."

"सासूबाई आल्यात. डाव्या बाजूला बसल्यात, माझ्या जागेवर." तिचा आवाज शांत होता. "त्या उगा यायच्या नायत. मला न्यायला आलेत, बाई."

त्या संध्याकाळी तिने गोळी परत केली. भांडून बघितलं, रडून बघितलं, गोळी भाकरीत दडवून बघितली. तिने ती जिभेने बाजूला काढून ताटाच्या कडेला ठेवली, लहान मुलाला दाखवावं तशी मला दाखवून. दुसऱ्या दिवशी ट्रंकेतलं हिरवं लुगडं धुऊन घडी करून उशाशी ठेवलं. पायातली जोडवी अण्णा गेले तेव्हाच काढली होती, आता कानातलं काढून माझ्या तळहातावर ठेवलं आणि माझी बोटं मिटली. तिच्या चेहऱ्यावर दुःख दिसत नव्हतं. गावाला निघालेल्या माणसाची ती लगबग होती, आणि मला त्याचीच धास्ती वाटत होती. दुपारी ती खिडकीत बसून खाली गाडीकडे बघायची आणि मध्येच म्हणायची, "व्हय, आले, आले."

रजा टाकून मी घरी थांबले. गाडी खिडकीखाली उभी, आई खिडकीत. मलाही आता त्या गाडीकडे बघवत नव्हतं. पण बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. चाचांकडून जुने शॉक आणि नव्यांसारखाच एक सुटा शॉक मागवून घेतला आणि न्हाणीघरात फरशीवर शेजारी शेजारी आडवे ठेवले. लांबी तीच होती. ती तर मी मोजलीच होती. जाडी मोजली नव्हती. जुना शॉक मांडीएवढा जाड, नवा मनगटाएवढा. जुना उचलायला मला दोन्ही हात लावावे लागले. एवढ्या जाड नळीत काय भरलंय, असा विचार करत तेल पुसत असताना अण्णांचा आवाज कानात आला. वझं टाकलं की दबतं, चालायला लागलं की आपसूक उठतं.

मी फडकं टाकून जुना शॉक पुन्हा उचलला.

तो शॉक नुसते हादरे जिरवणारा नव्हता, तो वजन उचलणारा होता. आत एक छोटा पंप असतो. रस्त्यावरच्या खड्ड्यांनी दांडा वर-खाली होतो, तेवढ्यावर पंप तेल दाबतो आणि गाडीचं मागचं अंग उचलून समतल आणतो. वजन शॉक घेणार म्हणून अशा गाडीची स्प्रिंग मुद्दाम नरम ठेवतात. आम्ही साधा शॉक बसवला, सगळा भार त्या नरम स्प्रिंगवर आला, आणि ती दबली. चाचांनी असला शॉक कधी हाताळला नव्हता आणि मी लांबी मोजून समाधान मानलं. इतकंच घडलं होतं. मी पळत जाऊन आईला सांगितलं, दोन्ही शॉक दाखवले, स्प्रिंग समजावली.

तिने सगळं नीट ऐकून घेतलं. "बरं," ती म्हणाली. "पण त्या बसल्यात."

तेव्हा मला कळलं की बोलून काही होणार नाही. गाडी उठलेली तिला दिसायला हवी होती. तिचा चेहरा सुजायला लागला होता, चार पावलांत धाप लागत होती. डॉक्टर म्हणाले, गोळ्या सुरू झाल्या नाहीत तर भरती करा. दवाखान्यात जायला ती तयार होती. म्हणाली, गाडीतून ने.

चाचांनी आणि मी मिळून फोन करकरून सगळी शहरं पालथी घातली. शेवटी एका बंद पडलेल्या शोरूमच्या गोदामात तसल्याच शॉकची एक जोडी निघाली. ती ट्रॅव्हल्सच्या बसमधून आली, तिच्यावर धुळीचा थर होता. चाचांनी बिस्मिल्ला म्हणून हात घातला. या वेळी जॅक खाली घेतला तर गाडी मध्येच थांबली आणि सरळ उभी राहिली. मग त्यांनी शेजारच्या दुकानांतले तीन धष्टपुष्ट गडी मागे बसवले. गाडी दबली. छावणीमागच्या उखडलेल्या रस्त्यावर एक लांब फेरी मारून आणली, तर तिघं आत असताना ती पुन्हा समतल.

"खड्डे खाके उठती!" चाचा मुलासारखे हसले. पण ते तिघं उतरल्यावर त्यांनी मागच्या सीटकडे एकदा बघून घेतलंच.

घरी आणली. आईला धरून फाटकापर्यंत आणावं लागलं. ती बराच वेळ बघत राहिली. मग गाडीमागे जाऊन डाव्या बाजूला तळहात दाबला. गाडीने पाठ धरली.

"सासूबाई गेल्या," ती म्हणाली. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. पण ती तशीच सरकत उजव्या बाजूला गेली आणि तिथे हात ठेवून उभी राहिली, दाबलं मात्र नाही. "आन् हे?"

मी गाडीचं मागचं दार उघडून धरलं.

"वस्तीवर घे," ती म्हणाली.

दिवसकार्य उरकल्यापासून ती वस्तीवर गेली नव्हती. दर वेळी काहीतरी सबब सांगायची. मी तिला मागे डावीकडे बसवलं आणि पैठणच्या रस्त्याला लागले. शहर मागे पडलं. खड्डे सुरू झाले तसं मागचं अंग हळूहळू वर येताना मला पाठीत जाणवत होतं. मग आई बोलायला लागली, आणि ते मला उद्देशून होतं की शेजारच्या मोकळ्या जागेला उद्देशून, ते मला आजही सांगता येत नाही.

"त्यांना उतरा म्हननारं कुनी नव्हतं," ती म्हणाली. "समद्यांना तेच म्हनायचे. त्यांच्यामागं थोरली मीच. दवाखान्याच्या दारात मला कळलं होतं. जीभ उचलली होती मी. पर म्हनलं असतं तर उतरले असते ना? म्हनून नाय म्हनले. वस्तीवर गाडी आली तर म्हनावं लागंल, म्हनून पुन्हा वस्तीवरबी आले नाय. धरून ठिवलं मी त्यांना. आन् त्यांना उतरू दिलं नाय म्हनून तेच मला वर वडायले."

मी गाडी चालवत राहिले. डोळ्यांतल्या पाण्याने रस्ता दिसेनासा झाला तेव्हा वेग कमी केला. मला तिला मिठी मारायची होती आणि मागे वळून बघायची भीती वाटत होती. आरसा सरळ होता. मी त्यात बघितलं नाही.

वस्तीवर कुणी नव्हतं, सगळे रानात गेलेले. धरणाचं पाणी खूप आत सरलं होतं, आणि उघड्या पडलेल्या चिखलाला भेगा गेल्या होत्या. मी इंजिन बंद केलं. सवयीने दोघी गप्प बसलो. मग आई तिच्या बाजूने उतरली. गाडी बोटभर वर आली, यायलाच हवी होती. गाडीला हात लावत लावत ती मागून वळसा घालून उजव्या बाजूला आली. दार उघडलं, पदर डोक्यावर नीट घेतला.

"उतरा," ती म्हणाली. आवाज फुटला, तिने घसा खाकरला. "उतरा, घर आलं."

वारा पडलेला होता. मी माझ्या दाराजवळ उभी होते, गाडीवर हात ठेवून, म्हणून ते मला दिसायच्या आधी हाताला कळलं. गाडीचं मागचं उजवं अंग सावकाश वर उठलं. जड माणूस कष्टाने उतरल्यावर उठतं तसं. मग आतून सुस्कारल्यासारखा बारीक आवाज आला आणि गाडी स्थिर झाली.

याची कारणं मला देता येतात. आईचं वजन कमी झाल्यावर तेल मागे यायला वेळ लागतो. नवा शॉक सुरुवातीला अडखळतो. जमीन तिरपी होती. माझ्या पर्समध्ये टेप होती आणि मी ती बाहेर काढली नाही.

आई अंगणाकडे बघत उभी राहिली, कुणीतरी दारातून आत जाईपर्यंत आपण थांबतो तशी. मग तिने गाडीचं दार लावलं. "चल," म्हणाली, "मला पानी दे. आन् ती गोळी हाय का तुझ्याकडं?"

गोळी पर्समध्ये होती. रोज असायची.

परतताना ती पुढे, माझ्या शेजारी बसली. आयुष्यात पहिल्यांदाच. रस्ता अंगावर येतोय म्हणून दोन-तीनदा कुरकुरली आणि मग झोपली. माझ्या घरासमोर गाडी थांबवली तेव्हा जागी झाली. मी उतरले, फाटक उघडलं, मागे वळून बघितलं तर ती आतच बसलेली. समोर नजर, हात मांडीवर. धावत जाऊन मी तिच्या बाजूचं दार उघडलं.

तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं, आणि तिच्या तोंडावर वैताग होता, अगदी जिवंत माणसाचा.

"म्हन की," ती म्हणाली.

"काय?"

"आता काय मीच माझं म्हनू व्हय?"

मी गाडीचं दार घट्ट धरलं. "उतर, आई," मी म्हणाले. "घर आलं."